अनुभव धागा: बघायला गेलो आणि नाचून आलो

सांगलीत नुकतंच झालेलं हालचाल आणि नृत्याचं प्रदर्शन ज्यांनी पाहिलं, त्यांच्यासाठी हा धागा. 'छान होतं' एवढ्यावर थांबू नका, तिथं तुम्ही काय केलंत ते लिहा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात. तेव्हापासून खुर्चीत बसून मन लावून बघायची आपल्याला सवय. इथं मात्र बघणारा हलला नाही तर भिंत कोरीच राहत होती.

विश्रामबागहून
सासूबाईंना घेऊन गेले होते. वय ७४, माहेर शिराळ्याचं. समोरचा कॅमेरा आपले गुडघे, कोपरं, खांदे ओळखतो आणि भिंतीवर रेघांचा माणूस उभा करतो. मी गोल साडीत. माझे दोन्ही पाय त्याला एकच वाटत होते, रेघा नुसत्या थरथरत राहिल्या. सासूबाई नऊवारीत. कासोट्यामुळे पाय वेगळे दिसतात, त्यामुळे त्यांचा रेघांचा माणूस पहिल्याच पावलाला नीट उभा राहिला. त्यांनी पदर खोचला, नातीचे हात धरले आणि फुगडी घातली. पंचमीला घालतात तशी, पाय जुळवून, मागं रेलून. वेग वाढला तसा कुणाचा हात कुठला हे यंत्राला कळेना, आणि भिंतीवर दोघींचं मिळून एकच गरगरतं कडं झालं. लेक ओरडली, "आजी, सोडू नको!" लग्नाला सतरा वर्षं झाली, पण सासूबाईंना फुगडी घालताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तासगावहून
शाळेत लेझीम शिकवतो. मला ते फिरतं पिंप आवडलं. उभ्या फटींतून आत बघायचं, आतली चित्रं नाचायला लागतात. शेजारी मायब्रिज या छायाचित्रकारानं १८७८ साली ओळीनं कॅमेरे लावून टिपलेला घोडा होता. चारही पाय जमिनीवरून सुटलेला तो क्षण नुसत्या डोळ्यांना सापडत नाही. पोरांना तिथंच सांगितलं, लेझीमचा 'चार आवाज' हा प्रकार करताना तुमचा गुडघा कुठं चुकतो तेही असंच सुटं करून बघूया. सोमवारी मोबाईलवर हळू गतीनं चित्रण केलं. निम्म्या पोरांना आपली चूक आपणच दिसली.

मिरजेहून
कथक शिकते. लाकडी फळीवर तत्कार, म्हणजे पायांनी ताल, केला की पायाच्या आघाताबरोबर प्रकाशाची वर्तुळं उठायची. पण पाऊल आणि प्रकाश यांत किंचित अंतर पडत होतं. तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली तरी वर्तुळ मागूनच येई. हे खटकलं, आणि मांडणाऱ्यांनी यावर काम करायला हवं. नृत्यात तेवढं अंतर फार मोठं असतं.

आटपाडीकडचा
आमच्याकडं गजी, म्हणजे धनगरांचा नाच, नाचतात, हातात रुमाल, मध्ये ढोल. चुलते सोबत होते. ते आधी कोपऱ्यात उभेच. मग रुमाल काढून एकदाच झटकला, भिंतीवर रंग सांडला. पुढची वीस मिनिटं ते कुणाचंच ऐकत नव्हते. ढोल नव्हता, तोंडानंच ठेका धरला होता.

गावभागातून
आम्ही गेलो आणि लाईट गेली. सगळ्या भिंती काळ्या. पोरं रडायच्या बेतात होती. तिथल्या एका स्वयंसेविकेनं मोबाईलची बॅटरी लावून जमिनीवर ठेवली आणि पुढं उभी राहिली. तिची सावली छताला टेकली. मग काय, पोरं रांग लावून सावल्या नाचवत बसली. लाईट आल्यावर एकानं विचारलं, "परत घालवा ना."