मदत हवी आहे – चार्ल्सटनमध्ये ३० किमीचा लाँग रन, रूट कसा लावू?

मंडळी, मी शार्लटला असतो, ऑगस्टमध्ये कामासाठी चार दिवस साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला जायचंय आणि नेमका त्याच वीकेंडला प्लॅनमध्ये ३० किमी आलेत. कुणी तिथं राहतं का किंवा पळलंय का?

माझ्या डोक्यात असं आहे की पहाटे ५ ला माउंट प्लेझंटहून निघायचं, रेव्हनेल ब्रिजवरून कूपर नदी ओलांडायची, मग ईस्ट बे स्ट्रीटने त्या रंगीत घरांच्या रेनबो रो वरून बॅटरीपर्यंत (पाण्याकाठचा फिरायचा रस्ता), पुढे किंग स्ट्रीटने वर हॅम्प्टन पार्कला दोन-चार फेऱ्या आणि परत ब्रिज. आता गंमत अशी की अख्खं शहर पोळपाटासारखं सपाट, चढ म्हणून जो काय आहे तो एकटा ब्रिजच, ४ किमी लांब आणि खालून मोठी जहाजं जावीत म्हणून पाण्यापासून १८६ फूट वर. मुंबईतल्या पेडर रोडच्या चढाने माझे हाल केलेत त्यामुळे २५ किमी झाल्यावर हा चढ परत नको वाटतोय, मग दोन्ही वेळा आधीच उरकून टाकू का?

दुसरं, भरतीला डाउनटाउनमधले रस्ते पाऊस नसतानाही तुंबतात म्हणे, तर भरतीचं टाइमटेबल बघूनच निघावं का? आणि पाणी कुठं भरून मिळेल? दमट हवा मुंबईसारखीच असणार, बाटली एकच आहे माझ्याकडे.