मदत हवी आहे : पहिलाच गेमिंग पीसी, बजेट एक लाख, मुक्काम अकोला

ठेचाभाकर

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं इथे वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आयुष्यातला पहिला डेस्कटॉप घ्यायचाय, तोही गेमिंगचा. जमलं तर पार्ट आणून घरीच जोडायचाय. बजेट एक लाख. मॉनिटर त्यात धरू नका, २४ इंची, १०८० पी, १६५ हर्ट्झचा दिवाळीतच घेऊन ठेवलाय (घोड्याचा पत्ता नाही आणि नाल घेऊन बसली, हे आईचं बोलून झालंय). रात्री मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट आणि रविवारी निवांत सायबरपंक, एल्डन रिंग, एवढाच वापर. स्ट्रीमिंग नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही.

गावातल्या एका दुकानात कोटेशन मागितलं. पहिला प्रश्न आला, "भावासाठी घेताय का?" ते सोडा. कागदावर आलं ते असं : प्रोसेसर आय सेव्हन १२७००एफ, एच६१० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅमची एकच स्टिक, ग्राफिक कार्ड आरटीएक्स ३०५० ६ जीबी, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, वर १ टीबीची हार्ड डिस्क, २४० चा लिक्विड कूलर, पुढे काच आणि रंगीत पंखे असलेलं कॅबिनेट. एसएमपीएसच्या (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) पुढे नुसतं "कॅबिनेटसोबत". एकूण ९६,५००. पक्कं बिल हवं असेल तर अठरा टक्के वेगळे.

मी म्हटलं, प्रोसेसर जरा खालचा घेऊन ग्राफिक कार्ड वरचं बसवा ना. तर म्हणे, "मॅडम, आय सेव्हन आहे, दहा वर्षं बघायला नको." आता याच दुकानाने त्याआधी मला अठ्ठावीस हजारांतही एक "आय सेव्हन" दाखवला होता. तो निघाला ४७७०, म्हणजे २०१३ चा! विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, एवढं ठाऊक होतं म्हणून वाचले.

आता माझ्या शंका.

मनात होतं एएमडीचा प्रोसेसर रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड आणि डीडीआर५ रॅम. पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की एका कार्टमध्ये टाकून चहा पिऊन यावं तर आकडा बदललेला. एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरत नाही, त्याचा भुर्दंड आपल्या माथी. मग जुन्या पिढीच्या रायझन ५ ५६००, बी५५० आणि डीडीआर४ वर यावं का? मामेभावाच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक आहेत, त्या चालल्या तर देवच पावला.

कार्डात आरएक्स ९०६० एक्सटी ८ जीबी, त्याचंच १६ जीबी, किंवा आरटीएक्स ५०६०, यात घोळ होतोय.

माझी खोली वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. मे महिन्यात बाहेर ४५. एसी नाही, खिडकीत कूलर आहे. लिक्विड कूलिंगशिवाय भागेल?

आणि लाईन. दिवसातून दोनतीनदा डोळा मारतेच. घरात इन्व्हर्टर आहे, त्यावर पीसी चालेल की यूपीएस वेगळा घ्यावा? (जाताजाता : लॅपटॉप चार्जिंगला असला की त्याच्या धातूच्या कडेला मनगट टेकल्यावर मुंग्या येतात. सगळ्यांनाच येतात ना?)

फुकटसल्लागार

दादा, कन्सोल घे आणि सुखी राहा.

ठेचाभाकर

दादा नाही, ताई. आणि कन्सोलवरच्या व्हॅलोरंटमधून पीसीवाल्यांशी खेळता येत नाही. मैत्रिणी सगळ्या पीसीवर आहेत, मी एकटी तिकडे जाऊन काय करू?

लोहारचाळ

ताई, आधी वाईट बातमी. लॅपटॉपच्या स्टिक आखूड असतात, डेस्कटॉपच्या खाचेत बसणारच नाहीत. विकून टाका, सध्या त्यालाही गिऱ्हाईक आहे.

ते कोटेशन फाडून टाका. प्रोसेसर कोण आणि कार्ड कोण हे न बघता नावं भारी दिसतील असं जुळवलंय. १२७००एफ वाईट नाही, बारा कोअरचा दणकट प्रोसेसर आहे. पण तो एच६१० वर बसवायचा, त्याला एकाच स्टिकवर चालवायचं (म्हणजे मेमरीच्या दोन रस्त्यांतला एक बंद) आणि पुढे ३०५० ६ जीबी. हे कार्ड जेमतेम ७० वॉट खातं, बहुतेकांना वेगळी पॉवर केबलही लागत नाही. बैल खिल्लारी आणि गाडी लेकरांची. तुमचे रविवारचे गेम कार्डावर चालतात, प्रोसेसरवर नाही.

५६०० आणि बी५५० घ्या. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट. तुमच्या मॉनिटरला आणि तुमच्या खेळांना पुरून उरेल. रॅम ८-८ च्या दोन स्टिक, ३२०० मेगाहर्ट्झ, एकाच पाकिटातल्या. बोर्डाला चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पहिल्या दोन रिकाम्या दिसतात म्हणून तिथे कोंबू नका, निम्मे लोक तेच करतात.

वाचलेले पैसे कार्डात घाला : ९०६० एक्सटी, १६ जीबीच. ८ जीबीचं कार्ड आज १०८० पी ला चालतं, पण नव्या गेममध्ये टेक्स्चर (चित्राचा बारीक तपशील) वर नेलं की त्याची मेमरी भरायला लागते, आणि एकदा भरली की फ्रेम हळू होत नाहीत, अडखळतात. ते जास्त डोक्यात जातं. ५०६० मध्ये डीएलएसएस (कमी रेझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करून फ्रेम वाढवायची सोय) चांगलं मिळतं, पण ८ जीबीच.

एनव्हीएमई १ टीबीची एकच. हार्ड डिस्क नको. सायबरपंकला एसएसडीच लागते, त्यांच्या किमान गरजांतच तसं लिहिलंय.

आणि "कॅबिनेटसोबत" येतो तो एसएमपीएस नव्हे, पत्र्याचा डबा. हातात धरून बघा, वजनावरूनच कळतं. नावाजलेल्या कंपनीचा ६५० वॉटचा घ्या, पाच वर्षं वॉरंटीवाला. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते नाही.

प्रोसेसर खोक्यातला घ्या. "ट्रे" म्हणून सुटा देतील, हजारभर स्वस्त. त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नाही आणि पंखाही नाही. पक्क्या बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या. हे "जीएसटी वेगळा"वाले वॉरंटीच्या वेळी ओळख दाखवत नाहीत.

पिंपळपान

लोहारचाळ यांच्याशी असहमत. ५६०० चं एएम४ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) २०१६-१७ पासूनचं आहे, तिथे पुढे रस्ता नाही. ७६०० च्या एएम५ ला एएमडीने २०२७ पर्यंत आणि पुढेही सपोर्ट देऊ असं म्हटलंय. आज ८ जीबीच्या कार्डावर भागवा, ७६०० घ्या, तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदला.

लोहारचाळ

पिंपळपान, एरवी मी हेच सांगितलं असतं. गेल्या वर्षी भाच्याला ७६०० च घ्यायला लावला. पण आज डीडीआर५ च्या भावात जो फरक पडतोय तो सरळ कार्डातून कापावा लागतो. तीन वर्षांनंतरच्या प्रोसेसरसाठी आजचे गेम अडखळत कोण खेळणार? शिवाय पहिला पीसी तीन वर्षांनी प्रोसेसर बदलून वाढवणारे लोक मी मोजकेच पाहिलेत. बहुतेक जण पाच-सहा वर्षं वापरून सगळाच बदलतात.

पिंपळपान

हे मात्र खरं. मी स्वतःच तसा आहे.

कपाशी४५

मी यवतमाळचा, म्हणून उन्हाळ्यावर मीच बोलतो. लिक्विड कूलर काय नि हवेचा काय, खोलीतल्या हवेपेक्षा थंड कोणीच करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की कार्डही साधारण तेवढंच वर जातं. ५६०० सोबत येणारा पंखा मे महिन्यात ट्रॅक्टरसारखा आवाज करेल, म्हणून साधा एका पंख्याचा टॉवर कूलर घ्या, बस. लिक्विडचे पैसे वाचवा.

कॅबिनेट मात्र पुढून जाळीचंच. काच लावलेलं सुंदर दिसतं आणि आत भाकरी भाजते. पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर.

अन् खिडकीतल्या कूलरच्या थेट झोतात पीसी ठेवू नका. आमच्याकडे ठेवला होता. कूलरमधून बारीक तुषार येतात, धूळ ओली होऊन जाळीवर थापते, पुरणाच्या चाळणीसारखी. तीन फूट बाजूला सरकवला तर प्रश्न मिटला. खिडकीला फट ठेवा, दमट हवा बाहेर गेली पाहिजे.

तारवाला

सगळ्यांनी पार्ट सांगितले, पण ताईंनी कंसात लिहिलेल्या मुंग्यांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. नाही ताई, सगळ्यांना येत नाहीत. ते बहुधा अर्थिंग नसल्याचं लक्षण आहे.

चार्जरच्या किंवा एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातून थोडीशी गळती धातूकडे जाते. अर्थिंग असेल तर ती जमिनीत उतरते, नसेल तर तुमच्या मनगटातून. डेस्कटॉपचं कॅबिनेट म्हणजे अख्खा पत्रा, तिथे झटका जास्त जाणवेल. तीन पिनचं सॉकेट भिंतीत आहे म्हणजे तिसऱ्या भोकामागे तार आहेच असं नाही. पार्ट मागवण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवा. स्वतः उघडू नका.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर पीसी नको, चांगले एसएमपीएस कधी कधी त्यावर बसकण मारतात. साइन वेव्हचा (लाईनसारखी वीज देणारा) असेल तरी लाईन गेल्यावर तो किती पटकन उचलतो ते बघा, नाहीतर पीसी रीस्टार्ट होतो. यूपीएस घ्यायचा तर ६०० व्हीएचा नको. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉटच. कार्डचे १६०, प्रोसेसरचे पाऊणशे, वर बोर्ड, पंखे आणि मॉनिटर. जेमतेम होईल आणि बॅटरीही लवकर थकेल. १००० च्या वरचा बघा.

ठेचाभाकर

उशिराबद्दल माफी, पण सांगण्यासारखं बरंच आहे.

तारवाला, तुम्हाला साष्टांग. इलेक्ट्रिशियन काका आले. होल्डरमध्ये बल्ब, त्याच्या दोन तारा, एवढंच हत्यार. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये धरला, काहीच नाही. बोर्ड उघडला तर हिरवी तार आतच होती, पण गुंडाळून, टेप लावून कोपऱ्यात निजवलेली. घर बांधलं तेव्हापासून ती कुठल्याच सॉकेटला जोडलेली नाही! बावीस वर्षं! काकांनी ती जोडली, खालचा अर्थिंगचा खड्डा बघितला, पाणी घातलं, पुन्हा बल्ब धरला. पेटला. लॅपटॉपच्या मुंग्या त्या दिवसापासून बंद. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचाच निघाला, म्हणून ११०० व्हीएचा यूपीएस वेगळा घेतला. तो बजेटच्या बाहेर गेला, आईला सांगितलेलं नाही.

बाकी लोहारचाळ म्हणाले तेच घेतलं : ५६०० खोक्यातला, बी५५०, ८-८ च्या दोन, ९०६० एक्सटी १६ जीबी, जाळीचं कॅबिनेट. पक्कं बिल, सिरियल नंबरांसकट. अठ्ठ्याण्णव हजार काही.

जोडायला सहा तास लागले. त्यातला एक तास बोर्डामागची पत्र्याची पट्टी कॅबिनेटला लावायची राहिली म्हणून सगळं परत सोडवण्यात गेला. मग बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, मॉनिटर काळा. घाम फुटला. रॅम काढून घातली, कार्ड काढून घातलं, रडायचीच बाकी होते. शेवटी मामेभावाने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "केबल कुठे लावलीस?" मी बोर्डाच्या पोर्टला लावली होती. ५६०० ला स्वतःचं ग्राफिक नाहीच, तिथून चित्र येणार कुठून? कार्डाला लावली, आलं.

एकच शंका उरली. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडतं ते बोर्डाचं सेटिंग) रॅम २६६६ दाखवतेय, पाकिटावर ३२०० आहे. फसवलं का?

लोहारचाळ

नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी असं काहीतरी असेल, रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवायचं सेटिंग, ते चालू करा. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बघा, मॉनिटर अजून ६० हर्ट्झवरच असेल.

ठेचाभाकर

३२०० झाली. मॉनिटर ६० वरच होता. दिवाळीपासून लॅपटॉपलाही तसाच लावून वापरत होते.