दातांच्या तारा आणि मुलीचा संकोच

प्रश्न (एक आई, अमळनेर): माझी मुलगी नववीत असून, दात पुढे असल्यामुळे ती तोंडावर हात ठेवूनच हसते. तारा बसवल्यास तिचा संकोच खरोखर जाईल का? त्यासाठी दरमहा जळगावला जावे लागेल.

उत्तर (जळगाव): दात सरळ झाल्यावर अनेक मुले मोकळेपणाने हसू लागतात, हे खरे, परंतु ब्रिटनमधील कार्डिफ येथे १९८१ मध्ये सुरू झालेल्या आणि सुमारे एक हजार मुलांचा वीस वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासात असे दिसले की, उपचार घेतलेले लोक आपल्या दातांबाबत अधिक समाधानी असले, तरी प्रौढपणीच्या त्यांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यामुळे फारसा फरक पडलेला नव्हता. शाळेत कोणी चिडवते का, हे आधी वर्गशिक्षकांना विचारावे.

उत्तर (भुसावळ): ताई, निर्णय मुलीलाच घेऊ द्या. उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतो, त्या काळात फुटाणे आणि कडक शेव बंद (आपल्याकडे हीच मोठी शिक्षा!), शिवाय पुढे रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारे साधन) न वापरल्यास दात पुन्हा सरकतात.

उत्तर (धुळे): "लग्नाला उपयोगी पडेल" असे नातेवाईक म्हणतील, ते तिच्या कानावर पडू देऊ नये. पुढे आलेल्या दातांना पडल्यावर इजा होण्याचा धोका अधिक असतो, एवढे कारण त्यांना सांगावे.