बोर्डाने पास केलेला सिनेमा गल्लीने का अडवायचा?

चोपडेकर: काल इथे एका भाऊंनी लिहिलं, 'बोर्ड काहीही पास करतं, मग समाजालाच सिनेमा बंद पाडावा लागतो.' डोकं फिरलं. 'पद्मावत'वर चार राज्यांनी बंदी घातली, सुप्रीम कोर्टाने १८ जानेवारी २०१८ ला स्थगिती दिली, आठवड्यात सिनेमा लागला आणि दणकून चालला. फुकटची जाहिरात कोणी केली? मोर्चाच्या धमकीपुढे सरकारने हात वर करायचे नाहीत, हे कोर्टाने १९८९ मध्येच बजावलंय.

पारोळ्याचा आप्पा: मीच तो भाऊ. कोर्ट दाखवू नका. आमच्या दैवतांवर यांनी गल्ला भरायचा आणि आम्ही टाळ्या पिटायच्या? निषेध हाही हक्कच आहे.

भुसावळ जंक्शन: करा की निषेध! तुमचं तिकीट काढू नका, माझं का फाडता? मी एकदा सिनेमा बघत बसले होते, मध्यंतराआधीच दिवे लागले. मॅनेजर हात जोडून 'ताई, घरी जा.' पैसे मागितले तर खिडकी बंद. घोषणा देणाऱ्या पोराला विचारलं, काय खटकलं रे? म्हणे, 'पाह्यला नाही, ग्रुपवर आलतं.'

धुळेकर: बंदीचं काय घेऊन बसले भो, आधी टॉकीज दाखवा! बरा मराठी सिनेमा आला तर सकाळी नऊचा एकच शो. कापूस वेचायचा सोडून कोण जाईल?

चोपडेकर: विषय भरकटवू नका.

धुळेकर: हाच विषय आहे. मोठ्या बॅनरला पोलीस बंदोबस्त मिळतो. 'फुले' ११ एप्रिल २०२५ ला, ऐन जयंतीला येणार होता. आक्षेप निघाले, बोर्डाने बदल सांगितले, आला २५ ला. जयंतीची हवा गेली ती गेलीच. लहान सिनेमा असा मरतो, बंदी न घालता.

यावलची माहेरवाशीण: यात्रेतली तंबूची टॉकीज बरी होती. रीळ तुटलं की शिट्ट्या, पण शो पुरा व्हायचा. आता पॉपकॉर्नच्या भावात घरभर पुरेल इतकी शेव येते.

पारोळ्याचा आप्पा: पॉपकॉर्नवर मोर्चा काढा, झेंडा मी धरतो.

भुसावळ जंक्शन: वा! दैवतं बदलली वाटतं.

पारोळ्याचा आप्पा: टोमणे पुरे. 'फुले'ला मी विरोध केला नव्हता, तेवढं लिहा.

धुळेकर: पाह्यला का पण?

पारोळ्याचा आप्पा: नऊच्या शोला कोण जातं?