जीवनसत्त्व 'अ' की 'ए'? आणि मग 'क'चं काय?

पाटीपेन्सिल: लसीकरणाच्या पत्रकाचा अनुवाद करतेय. नवव्या महिन्यात गोवरच्या लशीबरोबरचा डोस 'जीवनसत्त्व अ' लिहिला. त्याच पानावर जन्मल्याजन्मल्या देतात ते व्हिटॅमिन के आहे. ते 'क' केलं, तर संपादकबाई म्हणाल्या, क म्हणजे आवळ्यातलं सी! मग 'के' लिहू? आणि 'के' चालतं तर 'ए'ने काय घोडं मारलंय?

जुनाबाक: त्रिकोण अबक, पाचवी ड. रांगेत तिसरा म्हणून क, उच्चाराशी संबंध नाही. 'अ'च लिहा.

कोपरखळी: मेडिकलच्या दुकानात 'ब-बारा द्या' म्हणणारा एक तरी माणूस दाखवा.

जुनाबाक: दुकानदाराकडून भाषा शिकायची असेल तर बोलणंच खुंटलं. आणि हो, 'जीवनसत्व' लिहिणाऱ्यांनो, सत् + त्व, दोन त.

आडवाट: फुंक या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये 'व्हायटा' (जीवन) आणि 'अमाइन' (नायट्रोजन असलेलं एक प्रकारचं संयुग) जोडून 'व्हिटॅमिन' शब्द केला. सगळी अमाइन नसतात हे कळल्यावर १९२० मध्ये ड्रमंडने शेवटचा ई उडवला नि ए-बी-सी अशी नावं सुचवली. आपण थेट 'सत्त्व' म्हटलं, ती चूक आपल्याकडे आलीच नाही. मला तर मराठी शब्द सरस वाटतो.

अंगणवाडी_२: पालकांना दोन्ही कळतं. नवव्या महिन्यात एक लाख युनिट, मग दर सहा महिन्यांनी दोन लाख, पाच वर्षांपर्यंत. पोरगं चमचा थुंकणार नाही एवढंच बघायचं.

घाटमाथा: आमच्याकडे दिवेलागणीला पोर चौकटीला धडकायला लागलं की 'रातांधळं झालंय' म्हणायचे नि बोकडाची कलेजी खायला घालायचे.

वैद्यबुवा: शुद्ध शब्द 'नक्तांध्य'. त्यावर यकृत सुश्रुतातही सांगितलंय.

घाटमाथा: आजीसमोर नक्तांध्य म्हणालो असतो तर तिने आधी माझी दृष्ट काढली असती.

ओपीडी: आजी बरोबर होत्या. कलेजीत तयार रेटिनॉल, म्हणजे 'अ'च, असतं. डोळ्याच्या पडद्यातलं ऱ्होडॉप्सिन (उजेड टिपणारं द्रव्य) त्यावर चालतं, ते घटलं की अंधुक उजेडात दिसेनासं होतं. (गरोदर बाईला मात्र कलेजीचा मारा नको, अति 'अ' गर्भाला बाधतं.) 'गाजरात अ असतं' हे वाक्यच ढिलं आहे. असतं ते बीटा कॅरोटिन, त्याचं 'अ' शरीर करतं. तेल-तूप असेल तर ते नीट शोषलं जातं.

कोपरखळी: म्हणजे नुसतं गाजर दाखवतात, हे शास्त्रीय निघालं!

जुनाबाक: 'गाजर दाखवणे' ही इंग्रजीची उसनवारी. आपली गाजराची पुंगी, वाजली तर वाजली.

वैद्यबुवा: गाजराला संस्कृतात 'गृंजन' म्हणतात.

आडवाट: गृंजन म्हणजे लसणाच्या जातीतलं काहीतरी, असंही मानणारे आहेत.

पाटीपेन्सिल: अहो, पत्रक संध्याकाळी छापायला जातंय. 'के' की 'क'?

वैद्यबुवा: लसणाच्या जातीतलं? कोणत्या कोशात, ते आधी सांगा.