एक्स-मेनमधला कर्नल स्ट्रायकर: कुठून सुरुवात करू?

तिखट शेव:
मंडळी, सल्ला हवाय. दिवाळीच्या सुट्टीत भाचा येतोय, वय वर्षे बारा. परग्रहावरचे, हातातून विजा सोडणारे खलनायक बघून तो कंटाळलाय. "मामा, साधा माणूस व्हिलन असलेला दाखव" अशी फर्माईश आहे. एक्स-मेन चित्रपटांतल्या कर्नल विल्यम स्ट्रायकरचं नाव ऐकून आहे, पण तो नेमका कुठल्या भागांत आहे? मी फक्त २००० सालचा पहिला पाहिलाय, तोही अर्धा झोपेत.

पडदाप्रेमी:
पहिला परत बघा, या वेळी जागेपणी. मग थेट २००३ चा 'एक्स-टू'. ब्रायन कॉक्सचा स्ट्रायकर तिथे आहे आणि खरा तोच. आधी राष्ट्राध्यक्षांवर स्वतःच हल्ला घडवून आणतो, मग त्याच हल्ल्याचा बागुलबुवा करून प्रोफेसर झेवियरच्या, म्हणजे जन्मतःच शक्ती असलेल्या 'म्युटंट' मुलांच्या शाळेवर छापा घालायची परवानगी काढतो. अंगात शक्ती शून्य. सही-शिक्क्यावर सगळं काम.

त्या छाप्यात एक जागा आहे, ती चुकवू नका. रात्रीची वेळ, सैनिक मुलांच्या झोपायच्या खोल्यांत शिरलेत, आणि स्ट्रायकर वुल्व्हरीनसमोर (पंजेवाला म्युटंट, तोच लोगन) येऊन जुना दोस्त स्टेशनवर भेटावा तसा बोलायला लागतो. पंधरा वर्षं झाली असतील ना, तू जराही बदलला नाहीस! वुल्व्हरीनला स्वतःचा भूतकाळ आठवत नाही, आणि तो ज्याला ठाऊक आहे तो माणूस बंदूकवाल्यांच्या पुढे उभा. शाळेतला बॉबी मध्ये बर्फाची भिंत उभी करतो, जीव वाचतो, पण लोगनचा पाय काही तिथून निघत नाही.

रात्रपाळी:
+१, पण बारा वर्षांच्या मुलासोबत जपून. *(पुढे रहस्यभेद आहे.)* स्ट्रायकरचा मुलगा जेसन स्वतः म्युटंट, दुसऱ्याच्या डोक्यात भास उभे करणारा. त्याने दाखवलेल्या चित्रांपायी आईने स्वतःच्या कानशिलात ड्रिल घातलं. हे पडद्यावर दिसत नाही, स्ट्रायकर नुसतं सांगतो, तरी मी रिमोट शोधला होता. पुढचं जास्त वाईट. बाप त्याच मुलाच्या मेंदूतला द्रव काढून इतरांना गुलाम करतो आणि 'माझा मुलगा मेलाय' असं शांतपणे म्हणतो. अल्कली लेकच्या धरणाखाली दुसरा सेरेब्रो (मनाच्या जोरावर जगभरचे म्युटंट शोधायचं झेवियरचं यंत्र) बांधलाय, तो चालवायला झेवियर आणि झेवियरला चालवायला जेसन.

निवांत बसलोय:
२००९ च्या 'ओरिजिन्स: वुल्व्हरीन'ला कुणी विचारतच नाही. डॅनी ह्यूस्टनने तरुण स्ट्रायकर चांगला केलाय. लोगनच्या हाडांत अॅडमँटियम हा न तुटणारा धातू भरतात तो सगळा प्रसंग त्यात आहे.

पडदाप्रेमी:
ह्यूस्टनबद्दल तक्रार नाही, पटकथेबद्दल आहे. 'एक्स-टू'मध्ये दोन-चार वाक्यांत भीती घालणारी गोष्ट तिथे सविस्तर दाखवली आणि धार गेली. डेडपूल या बडबड्या पात्राचं तोंड शिवणाऱ्यांना मी माफ करणार नाही. भाच्याचा हट्टच असेल तर शेवटी लावा.

रात्रपाळी:
त्यापेक्षा २०१४ चा 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'. काळ १९७३, स्ट्रायकर अजून मेजर, भूमिकेत जॉश हेलमन. त्याआधी २०११ चा 'फर्स्ट क्लास' बघावा लागेल. २०१६ च्या 'अपोकॅलिप्स'मध्येही हेलमनच आहे, पण तिथे तो येऊन जातो, बस. आणि वयाचे हिशेब करू नका. मध्येच गोष्टीतला भूतकाळच बदललाय, बोटं मोजून डोकं दुखेल.

चष्मेवाली:
वाचायची आवड असेल तर १९८२ ची 'गॉड लव्ह्ज, मॅन किल्स' ही ग्राफिक कादंबरी. क्रिस क्लेअरमॉंटचं लेखन, ब्रेंट अँडरसनची चित्रं. तिथे स्ट्रायकर कर्नल नसून टीव्हीवर प्रवचनं झोडणारा धर्मोपदेशक आहे. पोटचं बाळ म्युटंट जन्मलं म्हणून त्याने ते मारलंय, बायकोलाही. सिनेमावाल्यांनी झगा काढून वर्दी चढवली आणि मुलाला जिवंत ठेवलं. मला सिनेमातला बाप जास्त भयानक वाटतो. मात्र कादंबरी भाच्यासाठी नको, तुमच्यासाठी.

तिखट शेव:
ठरलं! शनिवारी पहिला, रविवारी 'एक्स-टू', बाकीचे भाच्याच्या मर्जीवर. ड्रिलच्या वेळी त्याला फराळाचं ताट आणायला पिटाळतो.

रात्रपाळी:
झेवियर खुर्चीला जखडलेला आणि समोर स्ट्रायकर बोलतोय, असं दिसलं की लगेच पिटाळा. आणि चकल्या वरच्या फळीवर ठेवा, शोधायला वेळ लागला पाहिजे.