उसाचं बिल: एकरकमी की हप्त्यांनी? (ऑनलाइन धाग्यावरची चर्चा, टोपणनावांनी)

वाळव्याचा ऊसवाला: सगळे एकरकमी एफआरपीच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दराच्या, बाजूनं. मी उलटं बोलतो. पूर्वी पहिली उचल, पेरणीच्या तोंडाला दुसरा हप्ता, दिवाळीला तिसरा. आता सोसायटीच्या कर्जाची वजावट होऊन उरलेलं एकदम खात्यावर पडतं आणि महिन्याभरात दारात बुलेट. मोठा आकडा दिसला की माणसाचा हात सैल सुटतो.

१४ दिवस: काय राव, पैसा कुणाचा? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात कारखान्याला पैसे द्यायला १४ दिवसांची मुदत आहे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. राज्यानं २०२२ मध्ये काढलेला एफआरपीचे तुकडे पाडण्याचा निर्णय उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये रद्द केला. नोकरदाराला कुणी म्हणतं का, पगार अडकवून ठेवतो, नाहीतर उडवशील?

वाळव्याचा ऊसवाला: पगार महिन्याला येतो, म्हणजे हप्ताच की!

तासगाव द्राक्ष: पैसा आल्यावर माणूस बिघडतो म्हणता. नसताना काय होतं? ज्याच्या डोक्यावर देणं नाही तो बेदाणा कोल्ड स्टोरेजला टाकून दराची वाट बघतो. देणेकरी मार्चअखेर मिळेल त्या भावाला सोडतो. माल तोच, अक्कलही तेवढीच. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये आला होता. तेच शेतकरी तोडणीआधी, म्हणजे तंगीत, बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले. पैसे आल्यावर सुधारले.

वाळव्याचा ऊसवाला: मग माझंच खरं झालं. वर्षभर थोडं थोडं आलं तर तंगीच येणार नाही.

१४ दिवस: मग बँकेत ठेव करा आणि लागेल तसं काढा. व्याज तुम्हाला मिळेल. कारखान्यानं तुमचा पैसा फुकट का वापरायचा?

पलूसची सूनबाई: तुम्ही सगळे दादा लोक हप्ते मोजताय. बिल पडतं सातबारा ज्याच्या नावावर त्याच्या खात्यावर. दहा दिवसाला येणारं दुधाचं बिल आमच्या हातात असतं. त्यातून किराणा, शाळेची फी, सासऱ्यांच्या गोळ्या. तिथं प्रत्येक रुपयाला जागा ठरलेली. उसाचं बिल म्हणजे 'मोठा पैसा', त्याचा निर्णय पारावर. एकरकमी आलं काय, तुकड्यांनी आलं काय, विचारतं कोण आम्हाला?

तासगाव द्राक्ष: ताई, मुद्दा बरोबर, पण धागा एफआरपीचा आहे.

पलूसची सूनबाई: धागा पैशानं माणूस कसा वागतो याचा आहे, भाऊ. आधी सातबाऱ्यावर आमचं नाव लावा, मग हप्ते किती ते बसून ठरवू.